वेनित

पहाटे चारला टँकर काढते.
वाल्गाच्या रस्त्यावर अकरा गोठे,
डॅशबोर्डला चिकटपट्टीने लावलेला कागद:
मेन्सा, मेन्साम, मेन्से.
टँकर चालवते, टेबलही चालवते
सहा विभक्तींत, त्रेपन्नाव्या वर्षी.
मागे दूध डुचमळतं,
चुकलं तरी सांगत नाही.

आमच्या चर्चला नऊ वर्षं पाद्री नाही.
छप्पर गळतं त्याखाली बादली मीच ठेवते,
तर म्हटलं, उरलेलंही शिकून घ्यावं.

शनिवारी तार्तूला वर्ग.
रान्नामे बाई ऐंशीच्या पुढच्या, घरातही नमद्याचे बूट,
खडू चष्म्याच्या डबीत.
पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"एस्टोनियनला चौदा विभक्ती, लॅटिनला सहा.
भरल्या घरातून आलात.
त्यांच्याकडे नाही ते मागू नका."
खरंच आहे. आमच्याकडे घरातून निघणं वेगळं,
बाकावरून उठून जाणं वेगळं.
लॅटिन दोन्हीला एकच पंचमी लावते
आणि पुढे जाते.

नोव्हेंबरात भविष्यकाळ आला.
ऑर्गन वाजवणारा काल्यू म्हणाला,
"हे कशाला? 'उद्या' म्हटलं की झालं."
आम्हाला भविष्यकाळच नाही.
उद्या बर्फ पडतं. पुढच्या वर्षी मी मरते.
येणारं माणूस येतं, बस्स,
तो की ती, हेही क्रियापद सांगत नाही.

तुलेब.
आई म्हणायची, तुलेब. तिच्या वडिलांबद्दल.
एकेचाळीसचा जून. जूनची रात्र आमच्याकडे
धड काळी होत नाही,
म्हणून पाच वर्षांच्या तिला सगळं दिसलं:
ट्रक, उलटी घातली गेलेली टोपी,
बाकावर राहिलेली तंबाखूची पिशवी.
तुलेब, येतं.
मला लहानपणी वाटायचं, आजोबा फाटकापाशी
बूट पुसत उभे आहेत.
मी चुलीवर पाणी ठेवायची.
त्या एका शब्दात
सैबेरियाएवढी जागा असते,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: वेनित.
"पहिला ए ह्रस्व म्हणा, येतो.
दीर्घ म्हणा, आला.
कागदावर दोन्ही सारखेच दिसतात."
मग मध्ये आणखी एक ए घुसवला, वेनिएत.
"येईल."
खडू मोडला. वाकून तुकडा उचलला.

ह्रस्व-दीर्घाचं आम्हाला नवल नाही,
आम्ही तर स्वर तीन लांब्यांत मोजतो.
पण त्या लांबीवर
माणूस पोचला की वाटेत आहे हे ठरतं,
असं कधी ऐकलं नव्हतं.
"मग वाचताना कळायचं कसं?" मी विचारलं.
"संदर्भ बघायचा."

संदर्भ:
सत्तावन्न वर्षं न बदललेलं कुलूप.
शेवटच्या ऑक्टोबरात, इस्पितळात,
आईने मागितलेला कंगवा.

परीक्षेच्या दिवशी खिडकीत
चारांपैकी दोन मेणबत्त्या पेटलेल्या.
आठवं वाक्य: पातेर वेनित.
बाप. कुणाचा, ते दिलेलं नव्हतं.
इथे संदर्भ कुठून आणू?
मी 'आला' लिहिलं. खोडलं.
बराच वेळ काल्यूच्या पेन्सिलीचा आवाज ऐकत बसले.
मग लिहिलं, तुलेब.

पेपर परत आला.
आठव्याला पूर्ण गुण,
कारण 'येतो'ला आमच्याकडे हाच शब्द.
खाली बाईंचं बारीक अक्षर:
बरोबर आहे. पण तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं?

अजून उत्तर दिलेलं नाही.

सोमवारी डॅशबोर्डला नवा कागद: दोमुस. घर.
बाई म्हणतात, हा शब्द सरळ चालत नाही,
थोडा या गणातला, थोडा त्या,
पाठच करावा लागतो.
चार वाजलेत. काचेवरचं बर्फ खरवडते.
दोमुस, दोमुम,
पुढचं अंधारात दिसत नाही,
पहिल्या गोठ्याच्या दिव्याखाली बघते.