अकरातला एक

देवळाच्या फलकावर यादी लागली:
या कबरी मोकळ्या करायच्या आहेत.
चौथ्या ओळीत बाबा.
सहारला देवळामागे जमीन ती केवढी,
मेलेल्यालाही इथे मुदतीवर राहावं लागतं,
मग हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात.

मिंगेल सकाळीच कुदळ घेऊन उभा होता.
"बाय, तू लांब थांब," म्हणाला.
मी थांबले नाही.
पत्र्याच्या पेटीत त्याने एकेक ठेवलं,
बोटांची हाडं वेगळी, रुमालात,
जणू ती अजून कामाची आहेत.
मग कोटाची दोन बटणं
आणि पांढरी बुरशी धरलेला, नखाएवढा शिशाचा तुकडा.

थुंकी लावून पुसला.
खिळा होता. छापखान्यातला.

बाबा गिरगावात खिळे जुळवायचे:
लग्नपत्रिका, दुखवट्याची कार्डं,
उपासाच्या चाळीस दिवसांआधी प्रार्थनेच्या पुस्तिका.
खिळे म्हटलं की आई कपाळावर क्रूस काढायची.
तिला एकच खिळे माहीत होते,
बाबांना दोन्ही.
म्हणायचे, आमच्या खणात पूर्णविराम ओंजळीने,
प्रश्नचिन्हं मोजून अकरा,
आणि प्रार्थनेच्या पुस्तकाला त्यातलं एकही लागत नाही.

त्यांना मात्र लागायचं.
त्या बाईला दगड मारायला गाव जमला, तेव्हा
तो वाकून बोटाने मातीत काय लिहीत होता?
एवढे लोक भोवती, कुणीच कसं उतरवून घेतलं नाही?
मूळ प्रतच हरवली, म्हणायचे,
जुळाऱ्याच्या खऱ्या दुःखाने.
आई म्हणायची, जेवा आता.
फादर म्हणायचे, बस्त्याव, विश्वास ठेव.
बाबा ठेवायचे.
पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे.

खिशात हा कुणी घातला?
शेवटचे पाच महिने त्यांना बटणही लावता येत नव्हतं.
कोट आईने चढवला होता, दार लावून, एकटीने.
तीच, जी म्हणायची देवाला उलट विचारू नये.
तिला विचारावं तर तीही गेली गेल्या वर्षी,
तिची यादी लागायची आहे अजून.

दुपारी देवळात जाऊन बसले.
पंखे बंद. फ्लोरी सुरीने बाकावरचं मेण खरवडत होती.
डोक्यावरून विमानं उतरत होती.
मिस्सात फादर वाक्य अर्धं सोडतात,
विमान गेलं की पुढचा शब्द.
लहानपणी वाटायचं, नेमकं तेवढ्यात देव बोलतो
आणि आपल्याला ऐकू येत नाही.
आज वाटलं, तोही थांबत असेल,
आमचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत.

म्हणून पुरं केलं. मनातल्या मनात.
हाडं अशी इकडची तिकडे केलीत,
तर शेवटच्या दिवशी ती रुमालातली बोटं
कोण जुळवणार?

उत्तर आलं नाही.
सुरी थांबली, पुन्हा सुरू झाली.
पण आतून चपलांचा आवाज आला की
आपण कडी वाजवायचं थांबतो ना,
तशी मी थांबले.
दार उघडलं नव्हतं. घाई नव्हती.

खिळ्यावर सगळं उलटं असतं,
बाबा ते सरळ वाचावं तसं वाचायचे.
मला जमेना, म्हणून फ्लोरीच्या हातातला
मेणाचा मऊ गोळा घेतला, त्यावर दाबला.
फ्लोरीने चष्मा वर करून पाहिलं.
शाळेत ती कधी गेली नाही.
"कान काढलास?" म्हणाली.

संध्याकाळी मिंगेलने सिमेंट कालवलं.
झाकण लावायच्या आधी मी रुमाल सोडला,
खिळा बोटांपाशी ठेवला.
"हे काय गं?"
म्हटलं, त्यांचं थोडं काम राहिलंय.