दोन मिलिमीटर

फळी अर्ध्यात होती तेव्हाच ती थांबली.
आधी घोगरा आवाज, मग वास,
कुकरची रिंग जळते तसा,
आणि पातं फळीच्या पोटातच.
स्विच बंद केला, चालू केला, परत बंद केला,
माणूस उगाच तीनदा विचारतो ना, "नक्की?", तसा.

रात्रीचे साडेनऊ.
ऑगस्टात सोहारला त्याआधी
कारपोर्टमधल्या लोखंडाला कुणी हात लावत नाही.
शेजारच्या अबू मुहन्नदसाठी
ऊदाच्या धुपाटण्याखालचा बुटका चौरंग करत होतो.
तीन पाय झालेले. चौथा त्या फळीत.

करवत मूळची खानविलकरची.
इथून कायमचा निघालेला माणूस
शेवटच्या आठवड्यात दारात संसार मांडतो:
इस्त्री, सायकल, मुलांचा फळा,
कोरफडीची कुंडीसुद्धा.
पस्तीस रियाल म्हणाला, तीस घेतले,
वर दोन क्लॅम्प दिले आणि एक सूचना:
"हिची पट्टी खोटं बोलते.
शंभर हवे तर एकशेदोनवर लाव.
मनात धर आणि काप."
सात वर्षं मनात धरतोय.

हेमांगी म्हणते, नवीन घे सरळ.
एकोणनव्वद रियाल, वर्षाची वॉरंटी,
गुडघ्याने दाबता येईल असं लाल बटण.
मी आत आलो की ती माझी बोटं मोजते,
मोजते आहे असं दाखवत नाही.
तेव्हा हे तिचं म्हणणं पैशांबद्दल नाही,
हे मला कळतं, आणि तरी मी पैशांबद्दलच बोलतो.

शनिवारी सनाइयात नेली.
मीर अफझल, मोटार वाइंडिंगवाला.
भिंतीवर तांब्याची वेटोळी,
खाली टेबलावर अर्धा कापलेला कांदा आणि मल्टिमीटर.
त्याने मोटारीचा वास घेतला,
कलिंगडावर मारावी तशी टिचकी मारली,
झाकण न उघडताच विचारलं,
"इधर और कितना टाइम है तुम्हारा?"

मला वाटलं, घाई आहे का विचारतोय.
तो वर्षं विचारत होता.
आर्मेचर नवं मिळणार नाही, मॉडेल बंद झालं.
भरून देतो, अठरा रियाल, दोन वर्षं कुठे गेली नाहीत.
पण कार्ड संपत आलेल्या गिऱ्हाइकाला
तो हे सांगतच नाही म्हणाला,
त्याला सांगतो, भंगारात दे, तीन रियाल येतील.

माझं कार्ड मार्चपर्यंत.
अकरा वर्षं ते मार्चपर्यंतच असतं.
नवी घेतली तर कुठे न्यायची?
इस्लामपूरच्या फ्लॅटची गॅलरी चार बाय तीन,
खालच्या मजल्यावरचे मिक्सरलाही वर येतात.
आणि नवीनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं
आयुष्य किती, ते तासांत.

"भरून दे," म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला.

पाचव्या दिवशी आणली.
गुणगुणली, तांब्याचा नवा वास,
अडकून बसलेली फळी परत लावली,
एकशेदोनवर, नेहमीसारखी,
आणि उरलेली चीर पुरी केली.
पायाला मधोमध पायरी पडली.
अर्धा पाय शंभरचा, अर्धा एकशेदोनचा.

फोन केला तर मीर अफझल खुशीत,
"पट्टी टेढी थी भाई, सीधा कर दिया।
उसका पैसा नहीं लिया।"

चौरंग डुगडुगतो.
अबू मुहन्नदने साखरेच्या पुड्याचा कागद
चार घड्या घालून एका पायाखाली सारला,
वर निखारा ठेवला, ऊद टाकला.
मी म्हणालो, द्या परत, उद्या घासून आणतो.
तो म्हणाला, राहू दे रे,
पुढच्या हिवाळ्यात बघू.

पुढच्या हिवाळ्यात.
किती सहज म्हणाला.