मागून खरा

ग्युम्रीत दर बुधवारी,
मोज्यांच्या बंद कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सहा जण डोकं शिकतो.
पाच कोवळी पोरं, आणि मी :
स्पंदरात, चव्वेचाळीस वर्षं न्हावी.

पहिल्या दिवशी हायकानुश बाई म्हणाल्या,
'चेहरा विसरा. आधी अंडं करा.'
पाटावर उभी लोखंडी नळी,
नळीला तारेनं टांगलेल्या दोन काड्या,
त्यांच्याभोवती माती दाबत जायची.

मनात म्हटलं, डोकं? मला शिकवणार?
निम्म्या गावाची डोकी माझ्या बोटांखालून गेलीत.
कुणाचा भोवरा उलटा,
कुणाच्या कानामागे लहानपणच्या टाक्यांची गाठ,
वाहान मास्तरांच्या टाळूवर तर असा खळगा
की शिंपडलेलं पाणी तिथं क्षणभर टेकायचं.

पण माती म्हणाली, मग सांग.
आणि मला सांगता येईना.

कपाळ आखूड झालं, डोळे वर चढले.
बाईंनी कंपास लावला :
हनुवटी ते डोळा. डोळा ते टाळू.
तेवढंच.
'डोळे मधोमध असतात, वार्पेत.
इतकी वर्षं काय बघत होतात?'
केस, बाई.
(वार्पेत म्हणजे उस्ताद. आमच्याकडे न्हाव्यालाही म्हणतात.
त्या दिवशी तो शब्द मानेवरच्या बारीक केसासारखा
रात्रभर टोचला.)

नोव्हेंबरात मुशेघ बसू लागला.
गॅसच्या टाक्या वाहतो; वीस वर्षांचं माझं गिऱ्हाईक.
स्टुलावर बसला की सवयीनं मान मागे टाकतो, डोळे मिटतो.
'दाढी नाही करायची!' बाई ओरडतात.

पोरांच्या डोक्यांना मागची बाजूच नव्हती,
उशीवर विसरल्यासारखी चपटी.
माझ्या मुशेघची मान बघायला मात्र
बाई दिवा घेऊन आल्या.
टाकीनं घट्टा पडलेला खांद्याजवळचा उंचवटा,
डाव्या कानाची तुटकी पाळी,
कवटी मानेत उतरते तिथली दोन बोटांची घळ.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग पाट फिरवला.

भुवईवरचा व्रण उजवीकडे.
नाक उजवीकडे कललेलं.
खऱ्या मुशेघचं दोन्ही डावीकडे.

मला कळायला वेळ लागला.
आयुष्यभर मी माणसांच्या पाठीशी उभा होतो.
डोकं हाताला लागायचं,
चेहरा समोरच्या आरशात.
समोर बसवलेल्या माणसाकडे मी
वीस बुधवार बघितलंच नव्हतं.

मुशेघ स्टुलावरून उतरला, वाकून बघत राहिला.
'हा मी,' म्हणाला. 'रोज सकाळी भेटतो तो.
बाकीचे पाच कोण ते माझ्या बायकोला विचारा.'

पोरं हसली. बाई नाही हसल्या.
'व्रण हलवा,' म्हणाल्या.

अंगठा एकदाच फिरवला, बुजला.
लाज वाटावी इतकं सोपं.
डाव्या भुवईत नवा कोरत होतो तेव्हा
मुशेघ आपली भुवई चोळत होता.
नाक पुढच्या बुधवारी.

बर्फ धरायच्या आत घरी जायचं होतं.
फडकं भिजवलं, पिळलं,
माझ्या दुकानात ते वाफाळतं असायचं,
आणि त्याच्या चेहऱ्यावर, कानांवर, मानेभोवती
नीट दाबून गुंडाळलं.
मग हात झटकले
आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून
तोंडातून निघून गेलं,
'पुढचा.'