झीलकरी

टॉडमॉर्डनमध्ये तीन बाजूंनी डोंगर उतरतात
आणि मोबाइलची रेंज त्यांना विचारून येते.
क्रॅबट्री वकिलांचं ऑफिस कालव्याच्या कडेला,
खाली लोकरीचं दुकान, वर खरेदीखतांच्या फायली,
जिन्यात ओल्या कुत्र्याचा वास.
कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली, डोरीन सांगते.

गेल्या शुक्रवारी रस्ता खणणाऱ्यांनी
एका फटक्यात फायबर तोडली.
पैसे पोचायचे राहिले, चावी मिळायची राहिली.
एक जोडपं पाच तास सामानाच्या ट्रकमध्ये बसून होतं
मांडीवर माशांची काचपेटी घेऊन.
एक मासा दगावला, डोरीन म्हणाली,
जणू तिच्याच हातून.

म्हणून मी आलेय.
पिशवीत राउटर, दोन सिमकार्डं,
खिडकीला लावायचा अँटेना
आणि मेथीच्या भाजीचा डबा.

पहिलं सिम लागलं. चार दांड्या, झकास.
चहाला हो म्हणणार तेवढ्यात
खिडकीतून चौकातला टॉवर दिसला,
त्याच्या पायथ्याशी तेच लोखंडी झाकण,
त्याच चरातून गेलेली तीच केबल.
म्हणजे पुन्हा फावडं पडलं
की दोघंही एकाच घावात.
मी सिम काढलं. चहा नको म्हणाले.

दुसऱ्या सिमचा टॉवर वर डोंगरावर, मेंढ्यांच्यात.
दीड तास अँटेना कडेवर घेऊन हिंडले:
फायलींच्या कपाटावर एक दांडी,
पोटमाळ्यावर तीही नाही,
संडासाच्या बोटभर खिडकीत तीन.
“तिथे?” क्रॅबट्रींनी चष्मा काढला.
तिथेच.
मग दाराच्या चौकटीवरून वायर नेली,
पांढऱ्या पट्टीत झाकली, तरी ती दिसतेच.

दुधाची तहान ताकावर, हे इंग्रजीत कसं सांगावं?
सांगितलं: व्हिडिओ नाही, फक्त मेल आणि बँक.
महिन्याला वीस जीबी ताक.

माझा मामा शाहिरी पथकात झीलकरी होता,
सिन्नरच्या बाजूला.
शाहीर ठसकला, पाणी प्यायला थांबला
की मामा जी जी जी करत सूर धरून ठेवायचा,
पुढची ओळ येईपर्यंत.
कागदावर त्याचं नाव कधीच छापलं नाही.
चांगला गायचा का, आईला विचारलं होतं.
आई म्हणाली, कधी लक्षच गेलं नाही बाई.

आता चाचणी.
चालू असलेलं आपल्या हाताने तोडायचं,
दुसरा मार्ग नाही.
मी मुख्य वायर उपसली.
पहिला पिंग गेला, उत्तर नाही.
दुसरा. तिसरा.
डोरीनचा हात तोंडावर.
किटली उकळून टक्‌ झाली, कालव्यावर बदक ओरडलं,
तेवीस सेकंद कोणी कोणाकडे बघितलं नाही.
आणि बँकेचं पान उघडलं,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

“हे चालू झालंय हे आम्हाला कळणार कसं?”
नाही कळणार, मी म्हणाले.
क्रॅबट्री जरा हिरमुसले. तीनशे चाळीस पौंड
न कळण्यासाठी.

एक गोष्ट मी त्यांना न विचारता सेट केली:
मुख्य लाइन परत आली तरी लगेच तिच्याकडे धावायचं नाही.
पाच मिनिटं थांबायचं. टिकते का बघायचं.
आलेलं पुन्हा जातं, लगोलग जातं.
हे मॅन्युअलमध्ये नाही.
मला ते राउटर शिकायच्या आधीपासून माहीत होतं.

स्टेशनावर डबा उघडला. चार बावन्न.
फोन थरथरला: मुख्य लाइन बंद, बॅकअप सुरू.
घास तोंडातच राहिला. फोन लावला.
“मीच उपटली वायर,” डोरीन म्हणाली, “बघत होते.”
मग?
“काहीच झालं नाही!”
बासष्ट वर्षांची बाई, आवाजात बक्षीस लागल्याचा आनंद.
आता परत लाव गं ती, मी म्हणाले.
लावते, म्हणाली.
थोड्या वेळाने.