नावाचा कोपरा

पहिला पोपट साबणाचा. सातवीत,
बाबांच्या जुन्या ब्लेडनं कोरलेला.
मोरीच्या कोनाड्यात ठेवला
तर सकाळी बाबांनी त्यानंच आंघोळ केली.
चष्मा नव्हता, म्हणाले.
चोच आधी गेली, मग डोळा.
उरलेला पोपट पंधरा दिवस पुरला.

मग सयाजी हॉस्पिटलात नोकरी, एक्स-रे खातं.
फाइन आर्ट्सची भिंत माझ्या वाटेवर होती,
दार नव्हतं.
पलीकडे कुणीतरी छिन्नी मारत असायचं.
मी लूना थांबवून ठोके मोजायचे,
उशीर झाला की डॉक्टर पारेखांना
रेल्वे फाटक सांगायचे.

कमाटीबागेच्या मागून विश्वामित्रीची माती आणली,
पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.
मगर केली. दिगंबर म्हणाले, पाल छान झालीय.
भट्टी कुठली? तव्यावर भाजली. शेपटीपाशी तडकली.
पुढच्या कच्च्याच ठेवल्या.
उषावन्सं विचारायच्या, "ह्याचं करायचं काय?"
धूळ पुसायची, वन्सं.
पुराच्या वर्षी तळमजल्यात कंबरभर पाणी.
उतरलं तेव्हा कपाटात एकही मगर नव्हती,
फळीवर नुसता गुळगुळीत थर.
नदीनं आपली माती परत नेली,
उरली तेवढी मी खराट्यानं लोटली.

रमणभाईंनी दिलेल्या प्लास्टरचं मांजर
अजून दार अडवायला आहे.

पण माझं खरं सामान फिल्म.
हललेल्या, काळ्या पडलेल्या, टाकून दिलेल्या.
त्यात चांदी असते म्हणून भंगारवाला किलोवर न्यायचा,
त्याच्या आधी मी चार उचलायचे, विचारून.
नावाचा कोपरा आधी कापायचा.
हा माझा नियम, कुणी घालून दिलेला नाही.
मग कात्री.
कुणाच्या बरगड्यांचे पंख,
कुणाच्या मनगटाच्या आठ खड्यांची शेपटी.
कावळे झाले, बगळे झाले, एक टिटवी.
अगाशीत दोरीला टांगले
तर शेजारच्या जिग्नाबेननं पापड घालणं बंद केलं.
"अरे बेन, आ तो कोईनां हाडकां!"
म्हटलं, आपलीही आतून अशीच आहेत.
तुम्ही पापड घाला.

दिगंबरांच्या छातीची फिल्म मीच काढली.
श्वास घ्या. रोखून धरा. सोडा.
दिवसातून साठ वेळा म्हणायचे,
त्या दिवशी "सोडा" म्हणायला विसरले.
काचेपलीकडून त्यांनीच हात हलवला.
फिल्म खराब नव्हती. इतकी स्वच्छ
वर्षात दोनदा येत नाही.
डावीकडे, रुपयाएवढं, पांढरं.

नंतर कितीदा कात्री घेऊन बसले.
हंस झाला असता.
मानेचं वळण त्यांच्या गळ्याच्या हाडात
तयारच होतं, मला फक्त मोकळं करायचं होतं.
कात्री नावाच्या कोपऱ्यापाशी आली
आणि तिथंच राहिली.
आता ती फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे.
साडेआठला ऊन तिच्यातून ओट्यावर उतरतं,
मी तिथंच कणीक मळते.

गेल्या महिन्यात अंगठा दुखतो म्हणून
माझ्याच जुन्या खात्यात गेले. पोरगा नवा.
म्हटलं, फिल्म दे.
"काकी, फिल्म आता निघत नाही,
मोबाइलवर पाठवतो."
पाठवला. दोन बोटांनी मोठा करून पाहिला,
लहान करून पाहिला.
कापता येत नाही.

तशी कात्रीही आता धरवत नाही.
साबण मऊ असतो.
काल पोपट केला. सातवीतल्यापेक्षा बरा,
डोळ्याला मिरीचा दाणा.
न्हाणीत ठेवलाय.
पाणी तापत आलंय.
चष्मा काढून ठेवते.