पावती क्रमांक दोनशे अकरा

धंतोलीत दुसऱ्या मजल्यावर
कूलरचा आवाज सदस्यांपेक्षा मोठा.
खजिनदार वैरागडे सर विचारतात,
बाई, बैठकीला कधी दिसत नाही,
वर्गणी मात्र वेळेवर?

देवलापारहून पहाटेची गाडी धरलेली मी,
मनसर, कन्हान, कामठी,
पिशवीत बांबूचा चमचा,
मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.

अर्जात एक रकाना असतो: जवळचा सहव्यवसायी.
मी दरवर्षी लिहिते, पासष्ट किलोमीटर.

तिकडे कुणी थेरपिस्ट म्हणत नाही.
मालिशवाली म्हणतात, कधी सिस्टर.
सुकरू उईके थेट: हातवाली बाई.
लकव्यानंतर त्याला उजवा हात
जेवणापुरता परत हवा आहे,
मोहफुलं डाव्यानं वेचतो म्हणतो.
घास ओठांपाशी येतो
आणि मनगट ऐनवेळी वळतं.
का वळतं, कुणाला विचारू तिथं?
वाघाला?

पावती फाडली जाईपर्यंत
गिरटकर मॅडमनी चमचा उचलला,
डोळे मिटून रिकामाच तोंडाशी नेला.
पुन्हा नेला.
"दांडा अजून वाकव. आत, अंगठ्याकडे.
आणि ही ट्यूब कुणी सुचवली?"
सुकरूनं, मी म्हटलं.
"मग त्यालाही करून घ्या सदस्य."
वैरागडे सरांनी मान वर न करता विचारलं, पदवी?

परतीच्या गाडीत
पावती मांडीवर उलटी ठेवली,
कोऱ्या बाजूला पेन्सिलनं
नवा वाक आखून घेतला.
कन्हानच्या पुलावर गाडी हादरली,
रेघ जराशी सरकली.
तेवढं सुकरू ठरवेल.