अंगठा

बापानं रापी कुठं ठेवली होती
ते मला साठीनंतर कळलं.
पत्र्याच्या पेटीत, दोऱ्याच्या गुंड्यांखाली,
माझ्या चौथीच्या प्रगतिपत्रकात गुंडाळून.

"याला हात लावलास तर हात तोडीन,"
म्हणायचा, आणि तोच हात धरून
शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा.
आत यायचा नाही.

मग चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात.
हातात आरी नव्हती, टोच्या होता.
फायलीला भोक पाड, हिरवी नाडी ओव, गाठ मार.
पायात कायम बूट, मे महिन्यातसुद्धा.
हापिसात कुणी विचारलंच,
"चांगला जोड कुठं मिळेल हो, तुमच्याकडं?"
तर मी पत्ता सांगायचो
परगावचा माणूस सांगतो तसा,
अंदाजानं.

आता सुभाषनगरात हौसाक्काच्या पुढ्यात बसतो
सकाळी दहाला, सवय जात नाही म्हणून डबा घेऊन.
थोरली बहीण. तिला शाळेचं फाटकही दाखवलं नाही कुणी.
वेणी घालायची, गोंडे वळायचे, पट्टे शिवायचे,
रापी मात्र पुरुषांनी धरायची.
भावजी गेल्यावर तिनं तीही उचलली.
गल्ली काय म्हणाली
ते मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसावं.

"चष्मा फूस आधी. आन् रापी ढकलू नगंस,
चालू दे तिला."
मी ढकलतो.
"मला कुणी शिकवलंय? बघून बघून शिकलो मी."
ओल्या कातड्याला बाभळीच्या सालीचा वास सुटतो
आणि पाठीमागं कुणीतरी पाणी शिंपडल्यासारखं वाटतं.
मी वळून बघत नाही.

मशीनची तऱ्हा आणखी वेगळी.
पाय एक सांगतो, हात दुसरंच करतो.
लक्ष्मीपुरीतनं आणलेल्या एकवीस नंबरच्या सुया
आठवड्यात तीन मोडल्या.
टाका वाकडा गेला की मी सवयीनं
खोडायला काहीतरी शोधतो.
"उसवून काय हुतंय? भोक ऱ्हातंयच.
कापड हाय व्हय ते, मिटायला?"

पहिला जोड कापला
तर दोन्ही तळ डावेच.
हौसाक्का हसली, हसता हसता खोकली,
पाणी प्याली, पुन्हा हसली.
"सायब, दुसरा पाय घरी ठिवून आलासा?"
ते दोन डावे खिळ्याला टांगलेत तिनं,
गिऱ्हाइकांना दाखवते.
दुसऱ्या जोडाचे कान फार पुढं बसले.
तिसरा बरा झाला, फक्त अंगठा तंग.
"सैल सोडायचा. घालणाऱ्याचा पाय
सांजंला सुजतोय."
हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
बँकेत यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा.
धोतराला पुसायची बापाची तऱ्हा,
मी पॅंटीला पुसून ठेवला. पुन्हा लाल.
रापीची आडवी खूण, दोऱ्यानं कापलेल्या दोन रेघा,
त्यावर वाळलेल्या सोल्युशनचा पापुद्रा.
मी जिवंत असल्याचं जुळेना.
रांगेत मागं आमच्याच खात्यातले दोघे उभे होते.
काचेपलीकडच्या पोरीनं विचारलं,
"काका, हाताला काय झालंय? काय काम करता?"

रिटायर्ड, असं ओठावर आलं होतं.
"चपला करतो," म्हटलं.
आवाज जरा मोठाच निघाला.

"बरं. मग दुसरं बोट ठेवा."

ठेवलं.
परत येताना लक्ष्मीपुरीत थांबून
सुयांचं पाकीट घेतलं, या खेपेला डझनाचं.
पायात तिसरा जोड होता.
तंग अंगठा सारखा चावत होता.
चावू दे म्हटलं,
अजून बरंच चालायचं आहे, सैल होईल.